घरातली जुनी तलवार घासण्याआधी हे वाचा : 'फिरंग' कशी ओळखायची?

बिद्री : खंडेनवमी जवळ आली की घरातली जुनी हत्यारं पूजेसाठी बाहेर निघतात. गंजलेली तलवार चकचकीत करायची म्हणून कुणी ग्राइंडरवर धरतं, तर कुणी सँडपेपरनं घासतं. इथंच घात होतो.

मराठ्यांकडच्या बऱ्याच तलवारींची मूठ इथली, पण पाते युरोपातले असे. पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांमार्फत ही पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत. म्हणून त्या तलवारीला 'फिरंग' म्हणतात.

ओळख सोपी आहे. पाते सरळ, साधारण तीन फूट लांब, त्यावर बहुधा उभ्या खोबणी. मुठीला बोटं झाकणारी रुंद पट्टी आणि टोकाला बाहेर आलेला गज. दोन्ही हातांनी वार करताना दुसरा हात या गजावर धरत.

स्कॉटलंडमध्येही असंच घडलं. तिथल्या हायलँड पलटणींचे अधिकारी हात झाकणाऱ्या जाळीदार मुठीची तलवार बाळगत. त्यातली बरीच जुनी पाती जर्मनीत घडवलेली आहेत.

पात्यावरचं नाव किती महत्त्वाचं असतं, हे २०२५ मध्ये दिसलं. नागपूरकर रघुजी भोसले (पहिले) यांच्या नावाची फिरंग लंडनच्या लिलावात निघाली. राज्य सरकारनं सुमारे ४७ लाख रुपयांना ती घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. पाते युरोपीय, पण त्यावर देवनागरीत सोन्यानं नाव कोरलेलं. तेवढ्यावरून ती कुणाची हे सांगता आलं. कुणी ती घासून काढली असती, तर हा पुरावाच गेला असता.

काय करावे?

- ग्राइंडर, सँडपेपर, चिंच, लिंबू लावू नका.
- पूजेनंतर ओलं हळदी-कुंकू लगेच पुसा. कोरड्या कापडानं पुसून तेलाचा पातळ हात द्या.
- म्यानात ओल धरते. तलवार कायम म्यानात ठेवू नका.
- अक्षरं, शिक्के दिसले तर फोटो काढून पुरातत्त्व विभागाला दाखवा.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. तलवारीला १९५९ चा शस्त्र कायदाही लागू आहे, म्हणून पोलीस ठाण्यात चौकशी करून ठेवा. मिरवणुकीत नाचवणं आणि तसले फोटो स्टेटसला टाकणं टाळा.

भंगारवाला किलोवर भाव करेल. पण पात्यावरचं नाव एकदा घासलं गेलं, की परत येत नाही.