सेवा, मानधन आणि पगार

समाजकार्य, बालसंगोपन, समुपदेशन ही क्षेत्रे आज आपल्या तरुण-तरुणींना उपजीविकेचे मार्ग म्हणून सुचविली जातात. त्यात गैर काही नाही. परंतु या कामांना आपल्या देशात एक इतिहास आहे आणि तो जातीशी बांधलेला आहे. हे काम कोणी केले, त्याला नाव काय दिले गेले आणि मोबदला कोणत्या शब्दाखाली मिळाला, हे प्रश्न विचारल्यावाचून या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत हे कळणार नाही.

मुलाच्या जन्मापासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईण ही महार किंवा मांग समाजातील बाई असे. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताने भिजलेले कपडे धुणे ही सवर्णांच्या दृष्टीने विटाळाची कामे. बाळाला पहिला हात तिचा लागे. पण विटाळ फिटला की तीच बाई उंबऱ्याबाहेरची होई. पदरात पडे ते सूपभर धान्य आणि एखादे जुने लुगडे. तिच्याजवळ पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान होते, परंतु त्याला विद्या म्हणायला कोणी तयार नव्हते. गावगाड्याच्या हिशेबी ते जातीने नेमून दिलेले काम होते, आणि अशा कामाला मजुरी ठरत नाही. मिळते ते बलुते, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवरचे धान्य.

हा हिशेब पहिल्यांदा मोडला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ साली पुण्यात त्यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाईंचा अंत झाला. आजच्या भाषेत याला बालसंगोपन म्हणा, समुपदेशन म्हणा. पण मुख्य गोष्ट अशी की, हे काम त्यांच्यावर कोणत्याही जातीने लादलेले नव्हते. त्यांनी ते माणूस म्हणून पत्करले होते. लादलेली सेवा आणि पत्करलेली सेवा यांतला फरक येथे स्पष्ट झाला.

पुढचा प्रश्न मोबदल्याचा. तो बाबासाहेबांनी कायदेमंडळात मांडला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीपायी महाराने आणि त्याच्या घरच्यांनी रात्रंदिवस सरकारी हुकुमाला हजर राहायचे, आणि पोटासाठी बलुत्याकरिता दारोदार जायचे, ही ती व्यवस्था. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे आणि ती सरकारी वसुलीबरोबर गोळा व्हावी, अशी त्यांची मागणी होती. विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. त्याच १९२८ च्या जुलैमध्ये कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. ही दोन्ही विधेयके एकत्र वाचली पाहिजेत. काम सार्वजनिक असेल तर त्याचा मोबदला हक्काचा आणि ठरलेला असावा. मूल जन्माला घालणे हेही समाजाच्या हिताचे, म्हणून त्याचा भार एकट्या आईवर नसावा.

समाजकार्य हा शिकून करण्याचा व्यवसाय झाला तो १९३६ मध्ये, मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावे निघालेल्या पदव्युत्तर शाळेपासून. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ पासून नागपाड्याच्या गरीब वस्तीत काम केले होते. शाळा चांगली होती. पण दारावर पदवीची आणि इंग्रजीची अट होती. ज्या समाजाच्या वस्त्यांत हे समाजकार्य व्हायचे, त्या समाजातले पदवीधर त्या काळी असे किती? साहजिकच अभ्यास करणारा एका बाजूला आणि ज्याचा अभ्यास होतो तो दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली.

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळा वस्तीच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. मात्र सेविका-मदतनिसांना जे मिळू लागले त्याचे नाव 'मानधन'. हाताला काम मिळाले, पण कामगार हे नाव मिळाले नाही.

योजना आली तरी गावकुसाची रेघ पुसली गेली नाही. दलित-आदिवासी वस्त्यांत अंगणवाड्या लवकरात लवकर व्हाव्यात, हे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मदतनीस दलित आहे म्हणून तिच्या हातचे मुलांना खाऊ न देणारे पालक अजूनही बातम्यांत भेटतात. सुईणीचा हात चालत होता. तिच्या नातीच्या हातचा खाऊ चालत नाही.

२००६ मध्ये अमीरबी खटल्यात न्यायालयाने ठरविले की, अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मानधन ३००० वरून ४५०० रुपये आणि मदतनिसाचे १५०० वरून २२५० रुपये केले. एप्रिल २०२२ मध्ये मणिबेन भारिया खटल्यात मात्र याच न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, असा निकाल दिला आणि मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच मानले. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटी आणि वेतनश्रेणीसाठी दीर्घ संपावर जावे लागले.

मग आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात जावे की नाही? जावे, अवश्य जावे. समुपदेशकाच्या खुर्चीपुढे वसतिगृहातली एखादी मुलगी येऊन बसते आणि 'मला येथे कोणी बोलत नाही' असे सांगते. जात न ओळखणारा समुपदेशक तिला जुळवून घ्यायला शिकवील. जात ओळखणारा तिला सांगेल की, दोष तुझ्यात नाही. आणि मग तिच्या बाजूने तक्रार लिहायला बसेल. हे ज्ञान पुस्तकाबरोबरच आपल्या जगण्यातून येते, आणि त्याला विद्या म्हणून मान मिळवून देणे हे या पिढीचे काम आहे.

मात्र हातात नेमणुकीचे पत्र पडले की ते नीट वाचावे. त्यावर सेवा लिहिले आहे की नोकरी, मानधन लिहिले आहे की वेतन, हे पाहावे. शब्द जुना असेल तर सही करण्यापूर्वी प्रश्न विचारावा. आणि नाइलाजाने सही करावी लागली तर दुसऱ्या दिवशी संघटनेत नाव घालावे. बलुते मागायला गेलेल्या आपल्या आज्यांना तो प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.