मातेच्या हातातील पेला

पावसाळ्यात विहिरी-नद्यांचे पाणी गढूळ होते आणि जुलाबाची पहिली झळ लहान मुलांना लागते. शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने बालकाचा जीव धोक्यात येतो. पूर्वी शिरेतून सलाईन देणे हाच त्यावर खात्रीचा उपाय मानला जाई.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातील लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. ऐन पावसाळ्यात बनगाव येथे पटकी उसळली. रुग्णालयाची जमीनही रुग्णांनी भरून गेली. सलाईन संपत आले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते. त्या आधारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी दर लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून पिंपे भरली. आप्तांनी ते पाणी पेल्यापेल्याने रुग्णांना पाजले. शेकडा ३० च्या घरातील मृत्यूचे प्रमाण ३.६ वर आले.

आज क्षार-साखरेची तयार पुडी गावोगावच्या आरोग्य केंद्रात मिळते. जुलाब लागताच ती उकळून निवविलेल्या पाण्यात पुडीवरील मापानेच कालवावी, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि मूल मलूल दिसताच वैद्य गाठावा. बनगावात आप्तांच्या हाती आलेला तो पेला आज प्रत्येक मातेच्या हाती आहे.