लॉर्ड रे

डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे (२२ डिसेंबर, १८३९ : हेग, नेदरलँड्स – १ ऑगस्ट, १९२१ : स्कॉटलंड) हे ब्रिटिश राजकारणी, वसाहत प्रशासक व शिक्षणप्रशासक होते. इ.स. १८८५ ते १८९० या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी लंडनमधील शालेय व उच्च शिक्षणाच्या कारभारात प्रमुख पदे भूषविली. महाराष्ट्राच्या इतिहासात क्रॉफर्ड प्रकरणामुळे त्यांची कारकीर्द विशेष स्मरणात राहिली आहे.

पूर्वायुष्य

मॅके हे मूळचे स्कॉटिश सरदार घराणे. त्याची एक शाखा नेदरलँड्समध्ये स्थायिक झाली होती. डोनाल्ड मॅके यांचे कायद्याचे शिक्षण लायडन विद्यापीठात झाले. १८७१ ते १८७५ या काळात ते डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. १८७६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर त्यांना लॉर्ड रे हा किताब वारसाने मिळाला. पुढील वर्षी त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. १८८४ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या रेक्टरपदी त्यांची निवड झाली. हे पद स्कॉटलंडमध्ये विद्यार्थ्यांच्या मतांनी भरले जाते.

मुंबईचे गव्हर्नर

१८८५ मध्ये सर जेम्स फर्ग्युसन यांच्यानंतर लॉर्ड रे मुंबईचे गव्हर्नर झाले. उदारमतवादी म्हणून ते ओळखले जात. त्याच वर्षी दादाभाई नौरोजी व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची इलाख्याच्या कायदेमंडळावर नियुक्ती झाली. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रिया व बालकांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

गव्हर्नर या नात्याने ते मुंबई विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती होते. विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी याच काळातल्या. केवळ पुस्तकी शिक्षणाने देशी उद्योगांना बळ मिळणार नाही, अशी लॉर्ड रे यांची धारणा होती. तंत्रशिक्षणाला त्यांनी दिलेल्या उत्तेजनातून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली. तिच्यासाठी सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी भायखळ्याची जागा दिली आणि १८८९ मध्ये तिचे उद्घाटन झाले. आज ती वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने माटुंग्यास आहे. पुण्यात १८८८ मध्ये भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनानंतर तेथे औद्योगिक वस्तुसंग्रहालयही स्थापन झाले.

क्रॉफर्ड प्रकरण आणि मामलेदार

आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. पुढे ते मध्य विभागाचे आयुक्त झाले. या विभागात पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक व खानदेश हे जिल्हे होते. मामलेदारांच्या बढत्या व बदल्यांसाठी ते मध्यस्थांकरवी पैसे घेतात, अशी चर्चा अनेक वर्षे चालू होती.

या प्रकरणाचे गांभीर्य तालुक्याच्या पातळीवर अधिक होते. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण वेण्णाकाठचे मेढा हे आहे. अशा कसब्यात मामलेदार सारावसुली करी आणि फौजदारी खटलेही चालवी; रयतेच्या लेखी मामलेदार म्हणजेच सरकार. त्याने आपली जागा पैसे मोजून मिळविली असेल, तर तो भार अखेर रयतेवरच पडणार होता. त्या काळी याच तालुक्यात मोडणाऱ्या महाबळेश्वरी उन्हाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम असे.

१८८८ मध्ये लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्ड यांना निलंबित करून चौकशी आयोग नेमला. इतक्या वरिष्ठ युरोपीय अधिकाऱ्यावर अशी कारवाई होणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. पैसे देणाऱ्यांनी पुढे येऊन साक्ष द्यावी, यासाठी सरकारने त्यांना अभय दिले. त्या भरवशावर अनेक मामलेदारांनी कबुली दिली. आयोगाने लाचखोरीचे आरोप सिद्ध मानले नाहीत. मात्र अखत्यारीतील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल क्रॉफर्ड यांना सेवेतून काढण्यात आले.

यानंतर वादाचा रोख मामलेदारांकडे वळला. लाच दिल्याची कबुली देणाऱ्यांनी न्यायदानाच्या पदावर कसे राहावे, असा प्रश्न इंग्लंडमध्ये विचारला गेला. मामलेदारांना संरक्षण देण्यासाठी १८८९ मध्ये कायदा करण्यात आला. तरीही काहींना नोकरी गमवावी लागली. सरकारने दिलेला शब्द पाळावा, अशी मागणी पुण्यातील जाहीर सभेत झाली. लोकमान्य टिळकांनी मामलेदारांची बाजू हिरिरीने मांडली. टिळकांच्या आरंभीच्या राजकीय कार्यात या चळवळीचा समावेश होतो.

लंडनमधील शैक्षणिक कार्य

१८९० मध्ये लॉर्ड रे मायदेशी परतले. १८९४–९५ मध्ये ते भारतखात्याचे उपमंत्री होते. त्यानंतर शिक्षण हेच त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र बनले. १८९७ ते १९०४ या काळात ते लंडन स्कूल बोर्डाचे अध्यक्ष होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. ते ब्रिटिश अकादमीचे पहिले अध्यक्ष होत. रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी १८९३ पासून अखेरपर्यंत सांभाळले.

पौर्वात्य भाषांच्या अध्यापनाचा विचार करण्यासाठी सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ती रे समिती म्हणून ओळखली जाते. १९०९ च्या अहवालात या समितीने लंडनमध्ये स्वतंत्र संस्था स्थापण्याची शिफारस केली. तदनुसार १९१६ मध्ये स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज ही संस्था स्थापन झाली. प्रशासक व व्यापारी यांना वसाहतींच्या भाषा शिकविणे हा तिच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता. कालांतराने तेथे मराठीचे संशोधनही झाले. महानुभाव हस्तलिखितांचे अभ्यासक इयान रेसाइड हे याच संस्थेत मराठीचे अध्यापक होते.

स्मृती

मुंबईतील हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाला त्यांचे नाव आहे. पुण्यातील दोन वास्तूही त्यांच्या नावाने ओळखल्या जात : रे मार्केट आणि लॉर्ड रे औद्योगिक वस्तुसंग्रहालय. त्यांची आजची नावे अनुक्रमे महात्मा फुले मंडई व महात्मा फुले वस्तुसंग्रहालय अशी आहेत.