आज्ञाभंगाचा पाठ

पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची शाळा काढली. पुढे १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्ये, डोरोथी युस्टिसबाईंच्या केंद्रात, 'बडी' या कुत्रीबरोबर शिकला. अशा शिक्षणात आधी आज्ञापालन, मग पदपथाच्या कडेशी थांबणे, मग वाटेवरची लोंबती फांदी. ती कुत्र्याने स्वतःच्या नव्हे, धन्याच्या उंचीने जोखायची. सर्वांत कठीण पाठ मात्र आज्ञाभंगाचा. धनी 'पुढे' म्हणाला, पण वाहन येत असेल, तर हलायचे नाही! हा पाठ कुत्र्याहून माणसालाच जड जात असावा, असे आम्हांस वाटते. त्याच वर्षी फ्रँकने बडीच्या भरवशावर न्यूयॉर्कचा गजबजलेला हमरस्ता बातमीदारांसमक्ष ओलांडला आणि युस्टिसबाईंना एकाच शब्दाची तार केली : यश.