‘हुबेहूब’च्या पलीकडचा नाद

वेरूळचे पंधरावे लेणे ‘दशावतार’ या नावाने ओळखले जाते. शेजारच्या कैलास लेण्याकडे निघालेल्या पर्यटकांची पावले सहसा तिकडे वळत नाहीत, कारण त्यासाठी बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. अंगणातील मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. वरच्या मजल्यावर हिरण्यकशिपूवर झेपावणारा नरसिंह आहे, वराह आहे, त्रिविक्रम आहे, गोवर्धन उचलणारा कृष्ण आहे. नाव दशावतार असले तरी दहाही अवतार येथे नाहीत आणि विष्णूच्या बरोबरीने शिवाच्या कथाही येथे कोरलेल्या आहेत.

या लेण्यानंतर सुमारे साडेबाराशे वर्षांनी, २०१७ साली, मुंबईच्या एका बँडने ‘दशावतार’ याच नावाचा अल्बम प्रसिद्ध केला. बँडचे नाव डेमॉनिक रिझरेक्शन. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी त्यात आहेत. नववे गाणे बुद्धाचे आहे. (महाराष्ट्रातल्या जुन्या दशावतारपटांत नवव्या जागी कधी बुद्ध दिसतो, कधी विठ्ठल.) अल्बम लेण्यावर बेतलेला नाही, कथांवर बेतलेला आहे, आणि त्यातील संगीत म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी, विलक्षण वेगवान ड्रम आणि घशातून खरवडून काढलेला आवाज. साहिल मखिजा या तरुणाने हा बँड २००० साली उभा केला. त्याच्या आधीच्या अल्बमांत अंधार, राक्षस आणि युद्ध यांचे एक काल्पनिक विश्व होते आणि त्यावर उत्तर युरोपातल्या बँडांची छाप होती. घरातल्या आजीच्या गोष्टींपर्यंत पोहोचायला या बँडला सतरा वर्षे लागली. एवढा वेळ का लागावा, याचे उत्तर शोधताना आपल्याकडच्या या साऱ्या संगीताचा इतिहास चाळावा लागतो.

प्रथम शब्दांविषयी. ‘हार्डकोर’ हा पंक संगीताचा अधिक वेगवान, अधिक आक्रमक अवतार. १९८०च्या सुमारास अमेरिकेत, मुख्यतः वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियात, तो घडला. गाणी दीड-दोन मिनिटांची, शब्द ओरडून म्हटलेले, आणि गाणाऱ्यात व ऐकणाऱ्यात अंतर जवळजवळ नाहीच. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या बँडातील मुलांनी आपल्या ध्वनिमुद्रिका स्वतःच काढल्या आणि शाळकरी मुलांनाही परवडेल व प्रवेश मिळेल असे कार्यक्रम केले. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगने एका व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव फिरण्याची वाट पाडली. या आरडाओरड्यात चाल शिरली तेव्हा त्याला ‘मेलडिक हार्डकोर’ म्हणू लागले. डिसेंडेंट्सचा १९८२चा पहिला अल्बम, मायनर थ्रेटमधून आलेल्या ब्रायन बेकरने १९८५ मध्ये काढलेला डॅग नॅस्टी हा बँड आणि बॅड रिलिजनचा १९८८चा ‘सफर’ हे या प्रकाराचे मैलाचे दगड मानले जातात. वेग तोच, पण वर गुणगुणता येईल अशी सुरावट. राग तोच, पण त्याखाली हळवेपणाची एक ओल. विशीतल्या मुलांना हे मिश्रण का भावते, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे मात्र गोष्ट वेगळ्या टोकाकडून सुरू झाली. महाराष्ट्राला ऑर्केस्ट्रा ठाऊक आहे. ऑर्केस्ट्रातल्या गायकाला मिळणारी सर्वोच्च दाद म्हणजे ‘हुबेहूब!’ हुबेहूब किशोर, हुबेहूब लता. पाश्चात्त्य संगीत वाजवणाऱ्या बँडांचीही तीच कसोटी होती. हॉटेलांत आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांत परदेशी बँडांची गाणी ‘तशीच्या तशी’ वाजवली की श्रोते खूश. स्वतःचे गाणे सुरू केले की लोक चहा प्यायला उठत. हा काही श्रोत्यांचा दोष नव्हे. जी ध्वनिमुद्रिका कष्टाने मिळवून शंभरदा ऐकली, ती समोर जिवंत झालेली पाहण्याचा आनंद खोटा नसतो. पण त्या आनंदात वाजवणाऱ्याला स्वतःचे काही सापडत नाही.

ही कोंडी पहिल्यांदा ठामपणे फोडली ती रॉक मशीन या मुंबईच्या बँडने. १९८४ साली स्थापन झालेल्या या बँडने आपल्याच रचना वाजवण्याचा हट्ट धरला आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश तिनईकर यांची गिटार ही या बँडची ओळख. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले, तेही सूचकच होते. याच सुमारास, १९८६ पासून, मुंबईत फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला होता. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे त्याचे घर. १९७८ साली ‘जाझ यात्रा’ सुरू झाली तीही याच खुल्या रंगमंचावर. देशभरातले होतकरू बँड रंगभवनावर वाजवायला मिळावे म्हणून धडपडत.

पण रंगभवनाच्या आसपास रुग्णालये आहेत, महाविद्यालय आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि रंगभवनातले हे सूर काही वर्षांतच थांबले. रुग्णाच्या शांततेपेक्षा गिटार मोठी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक जागा गेल्यावर तिच्या बदल्यात दुसरी देण्याचा विचार झाला नाही, हेही खरे. पुढे महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी फिरत राहिला. छोट्या बँडांना उरले ते उपाहारगृहांतले, मद्यालयांतले मंच; आणि तेथे शाळकरी, कनिष्ठ महाविद्यालयीन श्रोत्याला मज्जाव. हार्डकोरचा जन्मच ज्या वयाच्या मुलांसाठी झाला, तीच दाराबाहेर राहिली.

अशा काळात उभ्या राहिलेल्या पिढीचे कर्तृत्व म्हणूनच अधिक उठून दिसते. घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करता येऊ लागले होते, इंटरनेटवरून गाणी पोहोचवता येत होती. मुंबईत २००३च्या सुमारास भयानक मौत आणि २००५च्या सुमारास स्क्राइब हे बँड सुरू झाले. पैकी स्क्राइबची मुळे हार्डकोरमध्ये. विश्वेश कृष्णमूर्ती हा त्यांचा गायक. या बँडने केलेली गोष्ट वरवर थट्टेची वाटते, पण तिचे महत्त्व मोठे आहे. परदेशी संतापाची नक्कल करण्याऐवजी त्यांनी आपण ज्यावर वाढलो ते हिंदी सिनेमे, त्यातले खलनायक, मित्रांच्या टोळीतली चेष्टा हे सारे गाण्यात आणले. २०१० मधल्या अल्बमचे नाव ‘मार्क ऑफ तेजा’. ‘अंदाज अपना अपना’तला तेजा आणि त्याची ती सुप्रसिद्ध खूण ज्यांना आठवते, त्यांना हे नाव ऐकताच हसू फुटते. २०१४ मधला अल्बम ‘हेल मोगॅम्बो’. त्यामागे अर्थातच ‘मिस्टर इंडिया’. न्यूयॉर्कच्या मुलाला या नावांतले काही कळणार नाही, आणि त्याची पर्वा या बँडने केली नाही. स्वतःचा नाद सापडल्याची ही पहिली खूण.

मेलडिक हार्डकोरच्या सर्वांत जवळ जाणारे मुंबईचे उदाहरण मात्र गॉडेस गॅग्ड या बँडचे. त्यांचा ‘रिसर्फेस’ हा अल्बम २०११ मध्ये आला. गायक सिद्धार्थ बसरूर. गिटारवर देवेश दयाळ आदी. अभ्यासक या शैलीला ‘पोस्ट-हार्डकोर’ म्हणतील, पण नावांच्या भांडणात शिरण्याचे कारण नाही. ऐकताना जाणवते ते असे : कडव्यात आवाज फाटलेला, कर्कश, ध्रुपदात तोच आवाज स्वच्छ, उंच, आर्त. गिटारी केवळ ठोकत नाहीत, एकमेकींच्या अंगाने दोन वेगळ्या सुरावटी विणतात. फाटलेल्या आवाजातून निर्मळ सुरात शिरण्याचा तो क्षण साधणे अतिशय अवघड असते. घसा तयार नसेल तर सूर ढळतो, आणि फार तयार असेल तर गाणे गुळगुळीत होते. बसरूर यांच्यापाशी या दोन्हींचा तोल होता. पुढे त्यांनी स्वतंत्र गायक म्हणूनही नाव मिळवले, यात नवल नाही.

असा नाद घडतो कुठे? तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या सरावखोल्यांत. एक जण गिटारवर चार मात्रांचा तुकडा घेऊन येतो. ड्रमवाला तो दुप्पट वेगाने वाजवून पाहतो, मग निम्म्या वेगाने. निम्म्या वेगात जे जड, छातीवर बसणारे वजन येते, त्यावरच मैफलीत श्रोते एकमेकांवर आदळतात. शब्द बहुधा सर्वांत शेवटी येतात. एका गाण्यापायी पंचवीस सायंकाळी जातात, आणि भाडे सगळ्यांनी वाटून घ्यायचे असते. पण खोलीत बसवलेले गाणे पक्के होते ते अनोळखी गावातल्या अनोळखी लोकांसमोरच. मित्र नेहमीच टाळ्या वाजवतात. परका श्रोता कोठे कंटाळतो ते पाहूनच कडवे छाटले जाते.

म्हणून दौरा. महाराष्ट्राला दौरा काही नवा नाही. नाटक कंपन्या बिऱ्हाडासह फिरल्या. तमाशाचे फड आजही ट्रकमध्ये मंच, कनात आणि माणसे भरून जत्रांचे हंगाम करतात. नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, बोलणी होते, सुपारी ठरते. बँडवाल्यांना असे नारायणगाव नाही. त्यांची सुपारी फोनवर आणि ओळखीवर ठरते. महाविद्यालयांचे महोत्सव हा जुना आधार. मुंबई आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’तील ‘लाइव्हवायर’ स्पर्धा कित्येक बँडांची पहिली मोठी परीक्षा होती. पुढे पुण्यात डिसेंबर २०१० मध्ये ‘एनएच ७ वीकेंडर’ सुरू झाला आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांनाच तेथे मान मिळू लागला. मुंबईच्या लोअर परळमधील ‘ब्लू फ्रॉग’ने २००७ ते २०१६ या काळात तेच काम केले.

दौऱ्याचे व्यवहार मात्र रुक्ष. ड्रमचा सारा संच रेल्वेतून नेणे अशक्य. तो आयोजक भाड्याने आणतो. ड्रमवाला फक्त स्वतःचा स्नेअर, झांजा आणि पायाचे पेडल नेतो. गिटारी वरच्या बर्थवर, माणसे खाली. मुंबईहून पुणे म्हणजे एका दिवसात जाऊन येणे, बेंगळुरू म्हणजे ‘उद्यान एक्स्प्रेस’चा जवळपास अहोरात्र प्रवास, शिलाँग किंवा दिमापूर म्हणजे मोठीच मोहीम. ईशान्येतला श्रोता या संगीताचा फार मोठा चाहता आहे, पण तिकिटांचा खर्च तेथील मानधन गिळून टाकतो. पाच जणांच्या बँडाला नोकरीतून एकाच वेळी रजा मिळणे हा तर स्वतंत्र योगायोग. अनेक चांगले बँड संगीतावरून नव्हे, रजेवरून मोडतात. साहिल मखिजाने यावर काढलेली वाट गमतीची आहे : त्याने ‘हेडबँगर्स किचन’ हा पाककृतींचा कार्यक्रम इंटरनेटवर सुरू केला आणि पाककृतींच्या जगातही त्याचा मोठा चाहतावर्ग तयार झाला.

परदेशाचे दार उघडले ते २०१० मध्ये. त्या वर्षी डेमॉनिक रिझरेक्शनने नॉर्वेच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात हजेरी लावली आणि ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार मिळवला. मुंबईचाच गटस्लिट हा डेथ मेटल वाजवणारा बँड त्यानंतर युरोपात एकाहून अधिक दौरे करून आला. तेथे छोट्या गावांतही असे कार्यक्रम करणाऱ्या जागा असतात. त्यामुळे रोज रात्री वेगळ्या गावी वाजवणे जमते. आपल्याकडे दोन कार्यक्रमांच्या मध्ये आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात हात गार पडतो.

या मुलांची गाणी इंग्रजीत का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे, पण त्याचे सोपे उत्तर चुकीचे ठरते. गिटारीमागे तबला लावला की संगीत आपले होते, हा समज या पिढीने खोटा ठरवला. स्क्राइबच्या गाण्यांत तबला नाही, पण त्यांतला विनोद मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलाचा आहे. दिल्लीच्या ब्लडीवूडने हिंदी-पंजाबी शब्द, ढोल आणि मेटल एकत्र आणून २०१९ मध्ये जर्मनीच्या ‘वाकन’ महोत्सवापर्यंत मजल मारली. तोही खरा मार्ग आहे. पण तो एकमेव नव्हे. मराठीत मात्र अजून वाट मोकळी आहे. जोडाक्षरांनी खडबडीत झालेली, ‘ळ’ आणि ‘ढ’ने दणकणारी आपली भाषा या फाटक्या आवाजाला इंग्रजीपेक्षा अधिक मानवेल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पोवाड्यात शाहीर ‘जी जी’ करून जो आवाज फेकतो, तो याच जातीचा आहे.

वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे सूर एके काळी लेण्यांच्या साक्षीने घुमत. पुढे तो छत्रपती संभाजीनगरात सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. तो मंच शास्त्रीय गायन-वादनाचा आणि नृत्याचा. त्याच्याकडून निराळी अपेक्षा करणे अन्याय्य होईल. पण त्याच शहरातला, कानाला हेडफोन लावून ‘दशावतार’ ऐकणारा विद्यार्थी अशा बँडला प्रत्यक्ष ऐकायचे ठरवतो तेव्हा त्याला रात्रीची बस धरून पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. दरम्यान मध्यंतरी बंद पडलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा भरला. रंगभवनात नव्हे, माझगावला, समुद्राच्या बाजूला.