जुन्या फोर्डच्या पोटातला कापूस

आजची टिपण पिकाची नाही, मोटारीची हाय. पण वाचून पाहा, फिरून शेतातच येते.

आपल्या वर्ध्याला जमनालाल बजाजांकडं एक फोर्ड मोटार होती. तिला इंजिनाऐवजी पुढं बैलजोडी जुंपत. इंग्रजीत ऑक्स म्हणजे बैल आणि मोटार फोर्डची, म्हणून थट्टेनं नाव पडलं ‘ऑक्सफर्ड’. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावात आले. पुढं टपाल बुलडाण्याच्या शेगावला जायला लागलं म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. वर्ध्याहून इथवर आठेक किलोमीटर. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाचं काय करते ते तुम्हाला सांगायला नको. आणि इथला गवळाऊ बैल म्हणजे अंगानं हलका, चालीला तेज. धमणीला चालतो तो मोटारीला काहून नाही चालणार?

लोक ही गोष्ट हसून सोडून देतात. मला मात्र त्या काळच्या मोटारीच्या आतल्या सामानाचं जास्त नवल वाटतं.

दोन वर्षांमागं ओळखीच्या एका घरची तशीच जुनी फोर्ड दुरुस्तीला काढली, तवा मी सुताराच्या हाताखाली होतो. सीट उसवली. खाली तारेच्या स्प्रिंगा, त्यावर तागाचं गोणपाट, त्यावर कापसाचा थर, मग कापड. दाराच्या पत्र्यामागं लाकडाची चौकट, अन् कापड त्या लाकडाला बारीक चुकांनी ठोकलेलं. चांभाराच्या ऐरणीजवळ असतात तशाच चुका. जुनं रेक्झिन म्हणजेसुद्धा सुती कापडच. त्यावरचा चकचकीत लेप नायट्रोसेल्युलोजचा, आणि तोही कापसापासूनच बनायचा. म्हणजे माणूस बसायचा तो पऱ्हाटीवर!

याच्याही पुढची गंमत सोयाबीनची. १९३० नंतरच्या दशकात हेन्री फोर्डनं अमेरिकेत सोयाबीनवर मोठं काम लावलं. पेंडीपासून प्लॅस्टिक करून हॉर्नचं बटण, गिअरच्या दांड्याची मूठ असल्या वस्तू बनवल्या. तेल मोटारीच्या रंगात घातलं. ऑगस्ट १९४१ मध्ये तर त्यानं प्लॅस्टिकच्या पत्र्यांची अख्खी मोटार लोकांना दाखवली. आणि इकडं वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ मध्ये गांधीजी सोयाबीन जेवणात घालून पाहत होते. एकाच पिकाचं तिकडं बटण झालं, इकडं वाटीत गेलं. आपल्या वावरात ते आलं कितीतरी वर्षांनी, आणि आपण आजही पोतं भरून बाजारात नेतो न् भाव विचारतो.

तर दुरुस्ती. शहरातल्या एका कारागिराचा सल्ला होता की सगळं काढा, फोम टाका, दारांना प्लॅस्टिकच्या क्लिपा मारा, चार दिवसांत काम. मला ते पटलं नाही. क्लिपेसाठी जुन्या लाकडाला नवी भोकं पडतात, आणि फोमची काही वर्षांनी भुकटी होते. कापूस दबला तर पिंजून पुन्हा भरता येतो. कापसाच्या जिल्ह्यात राहून आपण सीटमंदी फोम भरावा?

स्क्रूचं काम सगळ्यात जिकिरीचं. जुने स्क्रू एका सरळ खाचेचे असतात. अधिक चिन्हाची खाच मोटारीत आली ती १९३६ च्या कॅडिलॅकपासून, त्याआधीच्या गाडीत तसा स्क्रू दिसला तर समजा की मागून कोणीतरी हात घातला हाय. आटे इंचातले, आजचा मिलिमीटरचा बोल्ट त्यात जबरदस्तीनं फिरवला की आटे गेलेच. गंजलेल्या स्क्रूवर डिझेल सोडून रात्रभर ठेवायचं, खाच हॅक्सॉच्या पात्यानं साफ करायची, पेचकस बरोब्बर मापाचा घ्यायचा, हातोडीनं वरून हलका ठोका द्यायचा आणि मग फिरवायचं. आधी थोडं घट्ट करायच्या दिशेनं, मग उलटं. घाई केली की डोकं तुटतं.

प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या डब्यात, डब्यावर खडूनं खूण. जुन्या कापडाचा तुकडा फेकायचा नाही, त्याच्यावरूनच नवं बेततात. चुका मात्र नव्याच घ्या, जुन्या भोकाच्या बाजूला जरा सरकवून ठोका, नाही त पकड येत नाही. आमच्या गाडीला पुढच्या सीटचा कापूस घरचाच लागला, मागच्याला पिंजाऱ्याकडून आणला.