मानमोडीच्या साथीतील घर

मानमोडीच्या सालावरून आपले वय सांगणारी माणसे आता राहिली नाहीत. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी हे नाव पडले. एक कोटीपेक्षा अधिक माणसे या साथीत हिंदुस्थानात दगावली. हा आकडा पुष्कळदा सांगितला जातो. परंतु एकेका घरात रोग कसा पसरला, हे फारसे सांगितले जात नाही.

त्या पिढीला साथ नवी नव्हती. १८९६ पासून तिने प्लेग पाहिला होता. उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि गावाबाहेर झोपडीत राहावे, एवढे शहाणपण खेड्यापाड्यांतही आले होते. मानमोडीपुढे ते निरुपयोगी ठरले. येथे उंदीर पडला नाही, कोणतीच पूर्वसूचना मिळाली नाही. रोगाचा वाहक माणूसच होता. तो झोपडीत गेला तर रोगही त्याच्याबरोबर झोपडीत जाई.

मुंबईत १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांपैकी एकाचा पहारा गोदीवर होता. लवकरच गोदी, बँक, तारखाते, टाकसाळ, गिरणी अशा ठिकाणचे नोकरलोक आजारी पडू लागले. जिथे माणसे दिवसभर एकत्र काम करीत, तिथूनच ताप संध्याकाळी घरोघर पोहोचला. ही पहिली लाट त्यामानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

डॉक्टरांनाही शत्रू दिसत नव्हता. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये वर्णिलेला जंतू हेच या रोगाचे कारण, असा तेव्हाचा समज होता. खरा विषाणू लंडनमधील संशोधकांना १९३३ मध्ये फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवरील प्रयोगांत सापडला. पुढे असाच एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि संशोधक तापाने आजारी पडला. रोग कसा पसरतो याचा याहून सोपा पुरावा कोणता असणार!

आज आपण जाणतो की संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो, आणि ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोगी विषाणू बाहेर टाकू लागतो. खोकणे, शिंकणे, बोलणे यांतून उडणारे तुषार शेजारच्या माणसाच्या श्वासात जातात. हातांवाटेही विषाणू नाकातोंडापर्यंत पोहोचतो. लहान मुले तो मोठ्यांपेक्षा अधिक दिवस बाहेर टाकतात. सोमवारी वर्गात एक मूल शिंकू लागले की गुरुवारपर्यंत कोणती बाके रिकामी होणार, हे शिक्षकाला पुस्तक न उघडताही कळते.

आता चाळीतील एका खोलीची कल्पना करावी. स्वयंपाक, निजणे, दुखणे सारे तिथेच. कर्ता पुरुष गिरणीतून कणकण घेऊन येतो. उशाशी बसून पाणी पाजणारी, कपाळावर पट्टी ठेवणारी बायको दोन-तीन दिवसांत स्वतः अंथरूण धरते, मग मुले. ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांवर अधिक तुटून पडली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रियांचा मृत्युदर जास्त राहिला. शुश्रूषेचा भार बाईवर होता, हे त्याचे एक कारण मानले जाते. मला ते पटते. सारे घर एकदमच पडले की साधी पेज करून देणारे कोणी उरत नसे. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महाग झाले होते. घरोघर दूध व औषध पोहोचविणाऱ्या स्वयंसेवकांनी किती जीव वाचविले, याची मोजदाद कोण करणार?

मुंबईहून रोग आगगाडीने निघाला. घाबरून गावी परतणारा गिरणीकामगार आणि कामानिमित्त फिरणारा व्यापारी एकाच डब्यात बसत, आणि ताप लोहमार्गाच्या फाट्याफाट्याने देशभर पसरत गेला.

हिंदी कवी सूर्यकान्त त्रिपाठी ‘निराला’ त्या वेळी बंगालमध्ये होते, विशीतले तरुण. पत्नी माहेरी, गंगाकाठच्या डलमऊ गावी, आजारी असल्याची तार त्यांना मिळाली. ते पोहोचले तेव्हा ती गेली होती. पाठोपाठ थोरले बंधू, भावजय आणि काकाही गेले. गंगा प्रेतांनी भरून वाहत होती, असे त्यांनी पुढे ‘कुल्ली भाट’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे.